विहाराच्या दारात, चपलांसकट

जे दुखत नाही ते दुखणं कसलं, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, आणि ती कळली कशी, तर मोज्यावर डाग दिसला म्हणून. शुगर जुनीच, तिनं तळपाय बधिर करून टाकलेले. बेलापूरला कारकुनी करून रिटायर झालो, उलव्यात फ्लॅट घेतला, आता जरा निवांत म्हटलं तर हे उपटलं.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, "मऊ तळाच्या सँडल करून घ्या. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. चिघळलं तर अंगठा काढावा लागेल." माझी पाचावर धारण बसली. सँडल केल्या, ड्रेसिंग वेळेवर, गोळ्या वेळेवर, भात जवळजवळ बंद. तरी जखम भरेना. एवढं सगळं ऐकतोय, मग चुकतंय कुठं? डोकं चालेना.

"घरात काय घालता?" बाईंनी विचारलं.

"घरात? घरात कोण चपला घालतं?"

त्यांनी कपाळाला हात लावला.

आता आमच्या हॉलमध्ये बुद्धमूर्ती. गॅस सिलिंडरवाल्यालाही बायको दाराबाहेर चपला काढायला लावणार. तिनं डॉक्टरबाईंचं मुकाट्यानं ऐकलं आणि घरात घालायला वेगळ्या, कोऱ्या सँडल करून आणल्या. मूर्तीपुढे गेलो की माझा हात आपोआप सँडलच्या पट्ट्याकडे जायचा. ती मागून दटावायची, "राहू द्या पायात." जन्मभर 'काढा, काढा' म्हणणारी हीच बाई. कुणाचं खरं धरायचं माणसानं?

पौर्णिमेला विहारात गेलो. घरचं एक ठीक, पण इथं? काढल्या तर अंगठा जाणार, घातल्या तर चार लोक बघणार. दाराशी चपलांच्या ढिगात अडकून उभा राहिलो. स्वतःच्याच पायाचा राग आला.

"तू जा आत," बायकोला म्हटलं. "मी इथूनच हात जोडतो."

तिनं चपला काढल्या, आत गेली. वंदना सुरू झाली. आणि ही आली परत बाहेर. ढिगातून आपल्या चपला शोधल्या, पायात घातल्या आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मला काही कळेना. "अगं, तुझे पाय तर धड हायेत. जा की आत."

"गप उभं राहा," ती म्हणाली, "आन् हात जोडा."