फोनवरची यशोधरा

घोडेगावात पाट्या रंगवायचं माझं दुकान. डॉक्टरी पाटीवर नावाखाली नोंदणी क्रमांक लागतो, म्हणून शिनोलीच्या यशोधराची पाटी रंगवताना मी तेवढी जागा मोकळी सोडली. फिजिओथेरपीची पदवी घेऊन आली व्हती पोरगी. दीड वर्ष झालं, पाटी माझ्याकडंच पडून हाय.

नोंदणी करणाऱ्या सरकारी काऊन्सिलनं तिला कळवलं, तुमच्या कॉलेजला आमची मान्यताच न्हाई. नोंदणी न्हाई म्हणजे दवाखाना न्हाई. कॉलेजला हे ठाऊक नव्हतं व्हय? चांगलं ठाऊक व्हतं. माहितीपुस्तकात मागं कुठंतरी 'मान्यतेची प्रक्रिया सुरू' एवढंच बारीक छापलेलं, भिंग लावून वाचावं असं. माझं तर टाळकंच फिरलं.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली, तोंड पांढरंफटक. म्हणाली, "सयाजीभाऊ, तळेघरच्या बारावी झालेल्या अमृताला माझे फोन जात्यात. मी एक बी केलेला न्हाई."

पहिल्या वर्षाला कॉलेजनं तिचा आवाज गोड म्हणून जाहिरातीसाठी भरून घेतला व्हता. आता प्रवेशाच्या फोनवर मशीन त्याच आवाजात बोलतं. विचाराल त्याला उत्तर देतं, हसतं बी तिच्यासारखंच.

त्या पोरीला तरी वाचवायचं म्हणून काऊन्सिलचं पत्र घेऊन आमी माझ्या गाडीवर तळेघरला गेलो. अमृताची आजी जानकाबाई ओट्यावर नाचणी पाखडत व्हती. पत्र तिनं हातात बी घेतलं न्हाई.

"काल फोनवर व्हय म्हणालीस, आज न्हाई म्हणतीस. कोणचं खरं धरू, बाय?"

तेवढ्यात शेजारी बसलेल्या अमृताचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावून तो खाटेवर ठेवला. "अमृता, दोनच जागा उरल्यात गं." यशोधरा माझ्या शेजारी उभी, ओठ मिटलेले, अन् तिचाच आवाज खाटेवरनं येतोय.

यशोधरानं खाटेवरचा फोन हातात घेतला. "मी यशोधरा, शिनोलीची. पदवी तुमच्याकडनंच घेतलीय. मला नोंदणी मिळंल का?"

"हो, नक्की मिळेल. काळजी नको करूस."

जानकाबाई म्हणाली, "बघ, तूच सांगतीस." अमृतानं आमच्यासमोरच फॉर्म भरून टाकला.

परत निघालो, यशोधरा गाडीवर माझ्या मागं. डिंभ्याजवळ म्हणाली, "भाऊ, ती नक्की म्हणाली ना, तवा मला बी खरं वाटलं."