बर्गमॉटवाल्या रूपालीताई

रूपालीताई भुयार पहिल्यांदा आमच्या हॉटेलच्या किचनमध्ये आल्या तेव्हा त्यांनी कोणाला नमस्कारही केला नाही. थेट मसाल्याच्या कपाटाशी गेल्या, इसेन्सच्या बाटल्या एकेक करून उघडल्या, नाकाशी नेल्या आणि सिंकमध्ये ओतल्या. व्हॅनिला गेलं, केवडा गेला, संत्र्याचं चित्र असलेली भगवी बाटलीही गेली. मिठाईचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे बाटल्या माझ्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "अमरावती जिल्ह्यात राहून संत्र्याचा वास बाटलीतून घेता? लाज नाई वाटत?"

वाटली. पण नवीन माणसासमोर कबूल कोण करणार?

मी बार्शीटाकळीचा श्याम. अमरावतीत बडनेरा रोडवर खुशालरावांच्या हॉटेलात मिठाई करायचो. खुशालरावांचं आधी मंगल कार्यालय होतं, मग पेट्रोल पंप झाला, मग हे हॉटेल. गावात मोठं हॉटेल नाही म्हणून आपण काढलं, असं ते सांगत. त्याला स्टार किती होते ते देवाला ठाऊक. लॉबीत कारंजं होतं आणि ते पाहुणे आले की चालू करत, एवढं मी पाहिलेलं आहे. ताईंना त्यांनी मुख्य शेफ म्हणून आणलं. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात काम केलेली बाई आपल्याकडे आहे, हे त्यांना चारचौघांत सांगता यावं, हाच आणण्यामागचा मुख्य विचार.

ताई चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातल्या. वडील नत्थुजी, घरचा संत्र्याचा बगीचा. नागपूरला शिकून त्या पुण्यात गेल्या आणि कांदा-बटाट्यापासून सुरुवात करत वर चढल्या. तिथल्या किचनमध्ये एक इटालियन शेफ होता. त्यानं त्यांना बर्गमॉट दाखवलं. हे तिकडचं लिंबाच्या जातीतलं फळ. दिसायला कच्च्या मोसंबीसारखं, चावलं तर तोंड वाकडं होईल इतकं आंबट. मोल सगळं सालीला. परदेशी सुवासिक चहा असतो ना, अर्ल ग्रे, त्यातला वास याचाच. ताई सांगायच्या, "भल्लं नखऱ्याचं फळ आहे. किसताना सालीखालचा पांढरा भाग आला की कडू. रस विस्तवावर ठेवला की कडू. जास्त पडलं की तोंडात साबण धरल्यासारखं. पण नेमकं पडलं तं..." आणि पुढे त्या बोलायच्या नाहीत. पुढचं सांगण्याच्या लायकीचा माणूस समोर नाही, असा तो चेहरा असायचा.

पुण्यात मुख्य शेफची जागा रिकामी झाली तेव्हा ती एका पोराला मिळाली. "त्या पोट्ट्याले सुरी धराले मी शिकवलं," एवढंच त्या त्याबद्दल बोलत. राजीनामा देऊन गावी आल्या. येताना दक्षिणेतल्या कुणा ओळखीच्या मळेवाल्याकडून बर्गमॉटच्या डोळकाड्या, म्हणजे कलमासाठी कापलेल्या फांद्या, घेऊन आल्या आणि वडिलांच्या चार धडधाकट संत्र्याच्या झाडांवर डोळे भरायला लावले.

नत्थुजी मोठा मोकळा माणूस. एकदा किचनच्या मागच्या दाराशी बसून चहा पिता पिता मला म्हणाले, "श्यामभाऊ, चार चांगली झाडं खराब केली पोरीनं. फळं लागली, पण व्यापारी पाहाले तयार नाई. वांदराईनं एक तोडलं, चावलं अन् माह्यावर फेकून मारलं!"

"बाबा, वांदराले अक्कल नाई," ताई आतून म्हणाल्या.

"अवं, पण व्यापाऱ्याले तं हाये!"

"त्याले वांदरापेक्षा कमी."

असा त्यांचा स्वभाव. हॉटेलात येणाऱ्या गिऱ्हाइकांविषयी त्यांचं मत याहून चांगलं नव्हतं. पिझ्झ्यावर शेव मागणारा डॉक्टर, सूपमध्ये पोळी कुस्करणारा बिल्डर, 'काहीतरी कॉन्टिनेन्टल पण झणझणीत' मागणाऱ्या बायका, सगळ्यांचं त्या मनासारखं करून द्यायच्या आणि प्लेट बाहेर गेली की एकच शब्द बोलायच्या, "हं." त्या एका हं-मध्ये आख्खी अमरावती मावायची.

मग खुशालराव सहकुटुंब दुबईला जाऊन आले. तिथे कुठल्याशा हॉटेलात त्यांनी बर्गमॉट घातलेलं काहीतरी खाल्लं, बहुधा मोबाइलमध्ये फोटो काढत काढत. आले ते किचनमध्ये घुसले. "मॅडम, एक भारी चीज सापडली. बरगामट! आपल्याकडे कोनाले मालूम नाई."

ताईंनी मान वर न करता फ्रीजकडे बोट दाखवलं. तिथे दिवाळीनंतर उतरलेली बगीच्यातली फळं टोपलीत ठेवलेली होती. महिनाभर त्या खुशालरावांना तेच सांगत होत्या आणि महिनाभर खुशालराव 'पाहू, पाहू' म्हणत होते. फळाचं नाव दुबईहून आलं तेव्हा त्यांना ते पटलं.

गावातल्या बड्या लोकांना बोलावून बर्गमॉटची खास मेजवानी द्यायची असं ठरलं. इथपर्यंत ताई खूष होत्या. म्हणजे आम्हाला शिव्या कमी बसत होत्या. पण खुशालरावांनी पुण्याहून एक सल्लागारही बोलावला. ईशान नाव. दाढी कोरलेली, हातावर लसणाच्या गड्ड्याचं गोंदण. त्यानं टोपलीतली फळं बघितली, एक हुंगलं, "नाइस" म्हणाला आणि बॅगेतून छोटी बाटली काढून ओट्यावर ठेवली.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"बर्गमॉट फ्लेवर. फळाची चव प्रत्येक वेळी वेगळी लागते, मॅडम. याची एकसारखी लागते. लोकांना एकसारखं आवडतं."

"लोकाईले काय आवडते ते मले नका सांगू. बाटली उचला."

दोघांची जुंपली. खुशालरावांना भांडण मिटवण्यापेक्षा त्याचा तमाशा करणं जास्त जमतं. ते म्हणाले, "दोघंही बनवा! पांढऱ्या प्लेटमधी मॅडमचं, काळ्या प्लेटमधी ईशानभाऊचं. कोनतं कोनाचं, सांगाचं नाई. पब्लिक ठरवन."

ताई हसल्या. त्यांना हसताना मी फार कमी पाहिलं होतं. त्यांच्या लेखी निकाल लागलेला होता.

जेवण असं होतं: वाफवलेला मासा, वर बर्गमॉटचा सॉस; मासा न खाणाऱ्यांना पनीर. शेवटी गोड, ताईंचं बर्गमॉटची साल किसून घातलेलं श्रीखंड आणि ईशानचं मूस, म्हणजे फेटलेल्या सायीचं एक थरथरणारं पांढरं परदेशी गोड. श्रीखंडाचा चक्का मी बांधला होता. ताईंनी त्यात साल किसली ती इतकी हलक्या हातानं, की किसणीवर हिरवी धूळ तेवढी दिसावी. चमचाभर त्यांनी मला दिलं. ते काय होतं ते मला सांगता येत नाही. मी इतकी वर्षं श्रीखंड करत होतो आणि जायफळ-वेलदोड्याच्या पलीकडे माझी मजल गेली नव्हती, एवढं त्या चमच्यानं मला कळलं.

पाहुणे आले. डॉक्टर, बिल्डर, कंत्राटदार, सोबत बायका, सगळ्यांच्या अंगावर अत्तरं अशी, की बर्गमॉटचं झाड मुळासकट आणून लावलं असतं तरी वास आला नसता. कारंजं सुरू झालं. मग खुशालराव माइकवर उभे राहिले. दुबई कशी, तिथले रस्ते कसे, तिथे पेट्रोल काय भाव, यावर ते बोलत राहिले. आत ताईंचा सॉस तयार होऊन बसला होता. मंद आचेवर ठेवलेला, रस आणि साल आत. उतरवायचा तर गार होणार, ठेवायचा तर उकळी येणार.

भाषण संपलं तेव्हा मी सॉसमध्ये बोट बुडवून चाटलं. कडू. जिभेच्या मागच्या बाजूला कडुनिंबासारखा चिकटून बसणारा कडूपणा.

"ताई, हा गेला. नवीन करा. मी बाहेर पाच मिनिटं पापड-बिपड फिरवतो."

त्यांनी चाखला. त्यांना कळलं, त्यांना कळणार नाही असं होणारच नव्हतं. पण त्यांनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. एक कंत्राटदार भुकेनं टेबलावरच्या काट्यानं दात कोरत होता. ताई म्हणाल्या, "याइले काय समजते? जाऊ दे."

आणि पांढऱ्या प्लेटा गेल्या.

हात वर करायला सांगितलं तेव्हा काळ्या प्लेटसाठी जवळजवळ सगळ्या हॉलचे हात वर झाले. पांढऱ्यासाठी तीन-चार हात, तेही अर्धे. एका डॉक्टरबाईंनी माइक मागून घेतला आणि लंडनला मुलाकडे खाल्लेलं खरं बर्गमॉट अगदी काळ्या प्लेटसारखंच लागतं, पांढऱ्यातलं बहुतेक कृत्रिम असावं, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. हे ऐकून मी हसत होतो आणि मला रडूही येत होतं. श्रीखंड चाखायला कोणी थांबलंच नाही. माशावरूनच मत बनवून झालं होतं, आणि मूस फोटोत चांगलं येत होतं.

ईशान आत येऊन म्हणाला, "मॅडम, श्रीखंड मात्र अप्रतिम होतं." तो मनापासून बोलला होता असं मला वाटतं. ताईंनी त्याची काळी प्लेट ओढून घेतली, त्याचा मासा खाल्ला. सावकाश चावला. मासा छान शिजला होता, मऊ आणि रसाळ. बाटलीचा वास सोडला तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी रिकामी प्लेट सिंकमध्ये ठेवली. हं-सुद्धा नाही.

भांडी आवरताना माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "श्यामभाऊ, त्या गाढवाईले नाई समजलं असं मले म्हनता येत नाई. कडू होतं, त्याइनं कडू म्हटलं. बाकी सगळे गाढवंच आहेत, पन तेवढं बरोबर बोलले."

मला वाटलं, प्रकरण इथं संपलं. पण खुशालरावांना गोष्ट संपवायची सवय नाही. पंधरवड्यात नवा मेन्यू छापून आला. जाड कागद, सोनेरी अक्षरं. 'आमच्या स्वतःच्या बगीच्यातील ताजे बर्गमॉट.' शेजारी नत्थुजींचा फोटो, डोक्यावर पांढरी टोपी, हातात फळ, मागे ती चार झाडं. फोटो काढायला खुशालरावांनी माणूस परस्पर गावी पाठवला होता. आणि किचनमध्ये ईशानच्या बाटल्यांचं खोकं येऊन पडलं.

ताई मेन्यू घेऊन खुशालरावांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"माह्या बापाचा फोटो लावून बाटली विकून राहिले तुमी?"

"अवो मॅडम, फोटोतलं झाड खरं आहे. फळ खरं आहे. कोन येऊन पाहून राहिलं किचनमधी?"

"मी पाहून राहिली ना."

"तुमी घरच्या आहात. अन् बाबा तं लय खूष हायेत! विचारा त्याइले."

हे खरं होतं आणि तेच वाईट होतं. नत्थुजी सकाळीच येऊन मेन्यूच्या चार प्रती मागून गेले होते. एक गावच्या ग्रामपंचायतीत लावायची, एक पाहुण्यांना मूर्तिजापूरला पाठवायची. ज्या झाडांना सगळा गाव हसला, ती झाडं सोनेरी अक्षरांत आली होती. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगी जिंकली.

ताईंनी त्याच दिवशी नोकरी सोडली. वडिलांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, नत्थुजी नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "पोरीचं डोकं गरम आहे, पहिल्यापासूनच." त्यांच्या पिशवीत मेन्यू होता.

बाटलीतलं बर्गमॉट मीही तिथे काही महिने ढवळलं. पोट आहे, खोटं कशाला बोलू? लोक येत, फोटो काढत, नत्थुजींच्या टोपीकडे बघून 'किती ऑथेंटिक' म्हणत. ती डॉक्टरबाई तर लंडनच्या पाहुण्यांना घेऊन आली. मला त्या माणसांचा राग यायचा, मग वास घेऊन घेऊन माझंच नाक बधिर झालं, तेव्हा मी सोडलं.

ताई आता अकोल्यात आहेत. बसस्टँडकडून आत एक साधं हॉटेल आहे, वर लॉज, खाली जेवण. तिथलं किचन त्या बघतात. मालकाला बर्गमॉट हा शब्द माहीत नाही आणि ताईंनी तो सांगितलेला नाही. मला त्यांनीच बोलावून घेतलं. चक्का बांधणारा माणूस हवा होता. फळांच्या दिवसांत नत्थुजी एसटीनं पिशवी पाठवतात. रविवारच्या थाळीत श्रीखंड असतं. ताई स्वतः साल किसतात, तेवढ्या वेळात कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

मागच्या रविवारी एक कापडाचा व्यापारी वाटी चाटूनपुसून किचनच्या दाराशी आला. "बाई, याच्यात काय टाकलं हो? घरी बायकोले सांगतो."

ताईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"लिंबू," त्या म्हणाल्या.

"असं लिंबू आमाले काहून नाई भेटत?"

"तुमी हुंगून घेत नसान," असं म्हणून त्या परत किसणीकडे वळल्या. तो बिचारा आणखी एक वाटी मागून आपल्या टेबलावर जाऊन बसला.