दिवा लावणाऱ्याचं स्थळ

मामांनी सुरतेहून पत्र पाठवलं. मुलगा आपल्यातला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीपगृहात सरकारी नोकरी, आठ दिवसांत कळवा. आमच्या धरणगावच्या घरात समुद्र कुणी पाहिला नव्हता. मी चौथी शिकलेली, दोघांनी पाहून नाकारलेली. मला जायचं होतं. तिथे सासू नाही, नणंद नाही, दोघांचाच संसार. मला तेवढं पुरे होतं.

आबांना, म्हणजे वडिलांना, पुरे नव्हतं. तलाठी कळतो, मास्तर कळतो. "दिवा तं गुरवबी लावस. हाई काय नोकरी शे?" म्हणाले आणि दीपगृहाचा अर्थ विचारत गावभर फिरले.

मारवाडी दुकानदाराने सांगितलं, गुजरातेत त्याला दिवादांडी म्हणतात. आबांना त्यातली दांडी तेवढी कळली. काठीला दिवा बांधणाऱ्याला पोरगी देऊ का, असं आईला विचारू लागले.

तीन दिवस गेले. मी एकच अंगण दोनदा झाडत होते. उत्तरासाठी कोरं पोस्टकार्ड आणून आबांच्या पगडीखाली ठेवलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

पाचव्या दिवशी शाळेच्या मास्तरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, "मिसर देशात दोन हजार वर्षांपूर्वी मोठा मनोरा होता. वर आग पेटवायचे, जहाजांना दिसावी म्हणून. बेटाचं नाव फारोस. युरोपातल्या कितीतरी भाषांत दीपगृहाला अजून त्यावरूनच नाव आहे."

अंगणात आमची गादी पिंजणारे चाचा हात थांबवून म्हणाले, "मास्तर, मनोरा भी हमारा लफ्ज है. अरबी में मनारा, याने रोशनी की जगह. मशिदीचा मिनार त्यातलाच."

"मंजे जवाई मशीदवर चढी का?" आबा म्हणाले.

"चढने दो, भाऊ. तनखा तो सरकार देगी."

सगळे हसले. चहा झाला. मी आत दाराला टेकून उभी होते. आता लिहितील, आता लिहितील. आबा मास्तरांना विचारत होते, मिसरच्या मनोऱ्याला तेल कुठून आणायचे.

बाराव्या दिवशी त्यांनी होकार लिहिला. मामांचं उत्तर आलं, मुलाचं नवसारीत ठरलं.

आबा म्हणाले, "जाऊ दे, दूर व्हतं."

मी म्हटलं, "आबा, पुढला येई ते पयले माले इचारा. गावले मंग."

आईने तोंडावर पदर घेतला. आबा उठून मारतील असं वाटलं. ते बसूनच राहिले.