शीळ कोणी घातली?

उत्तर नॉर्वेतल्या काउटोकेइनो गावच्या ईसातने रेनडियर राखण्यात केस पांढरे केले होते, पण गावात त्याचं नाव होतं ते त्याच्या तोंडामुळे. आकाशात उत्तरेचा उजेड नाचत असताना शीळ घालायची नाही, घातली तर त्यातले मेलेल्यांचे आत्मे खाली उतरून माणसाला उचलून नेतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ईसात मात्र चुलीशी बसून कॉफी भुरकत म्हणायचा, "मला कोण उचलणार? नव्वद किलोचा आहे मी!" त्याची बायको राव्ह्ना कानांवर हात ठेवायची. उजेड दिसला की ती डोक्याचा रुमाल घट्ट बांधी आणि कुजबुजतच बोले. यावरून ईसातने चाळीस वर्षं तिची यथेच्छ टिंगल केली होती.

यंदा सुनेने पर्यटक पाहुण्यांना रेनडियरच्या घसरगाडीतून फिरवायचं काढलं आणि दोघा म्हाताऱ्यांना कामाला जुंपलं. पाहुण्यांसमोर तर ईसातला भलताच चेव चढायचा.

जानेवारीतली दुपार होती. चार वाजलेले, म्हणजे मिट्ट काळोख. ऑस्लोचे निवृत्त पोस्टमास्तर टोर्गेर नुकतेच गाडीत बसले होते, तोच डोंगरामागून हिरवा उजेड उसळला. फोटो काढायला मास्तरांनी दोन्ही हात मोकळे केले, म्हणजे लगामच सोडला. गाडीचा रेनडियर मुझेत उधळला तो थेट नदीकडे. नदी गोठलेली होती, पण वळणावर पाण्याला इतकी ओढ, की तिथे बर्फ कधी धरतच नसे.

"थांबव त्याला!" राव्ह्ना किंचाळली.

मुझेत पाडस असल्यापासून एकच हुकूम मानायचा, शिळेचा. ईसातने दोन बोटं तोंडात घातली आणि वर पाहिलं. उजेड नेमका त्याच्या डोक्यावर आला होता. तोंडातून नुसती हवा निघाली.

"अरे, घाल ना शीळ!"

"ओठ गारठलेत गं."

"चाळीस वर्षं नाही गारठले ते! तो माणूस बुडेल तिकडे!"

राव्ह्नाने दातांनी हातमोजा ओढून काढला आणि अशी सणसणीत शीळ घातली, की मुझेत जागच्या जागी थबकला. पाणी चार पावलांवर होतं. मास्तर गाडीतून उडून बर्फात उताणे पडले होते आणि हलला म्हणून फोटोला शिव्या देत होते.

राव्ह्ना मात्र मटकन खाली बसली. "मी घातली... वरच्यांनी पाहिलं मला," ती पुटपुटली. वरच्या उजेडाला लाल कडा आली, तो आणखी खाली झुकला. बायको गेली तर आपलं काय, एवढंच ईसातला सुचलं. तो तिच्यासमोर आडवा उभा राहिला, टोपी काढली आणि आभाळाकडे बघून ओरडला, "ए! तिच्याकडे काय बघता? शीळ मी घातली! मी, ईसात!"

"खोटं बोलतोयस," मागून राव्ह्ना म्हणाली.

"हळू बोल," ईसात कुजबुजला, "त्यांना ऐकू जाईल."