मार्गारेटच्या डब्यातली रक्ती

"शी! रक्त? आमच्यात असलं कोणी शिवत नाही." शिरीषने प्लेट दूर सारली.

परदेशातल्या शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसातलं मार्चमधलं पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून काहीतरी करून आणायचं. रिसेप्शनवरच्या मार्गारेटने तिच्या आजीचं आयर्लंडमधलं जेवण आणलं होतं. सालासकट उकडलेले बटाटे, ताक, आणि रक्ताच्या काळ्या चकत्या. आजी खेड्यातली. बटाट्यांची टोपली मधोमध, भोवती सगळं घर. बटाटा मिठाच्या पाण्यात बुडवायचा, खायचा. डुक्कर पाळायचं ते जमीनदाराचा खंड भागवायला. घराच्या वाट्याला आलंच तर रक्त. त्यात ओटचं पीठ कालवून शिजवायचं. मार्गारेट हे मान वर करून सांगत होती.

मी एक चकती तोंडात टाकली आणि बोलून गेले, "अगदी आमच्या रक्तीसारखं! आई फक्त कांदा जास्त घालायची."

शिरीष माझ्याकडे वळला. तो पुण्याचा, आमचा टीम लीड. आल्यापासून माझं आडनाव चाचपायचा. "तुमचं कुलदैवत कोणतं गं?" मी विषय बदलायची. आता विचारायची गरजच उरली नाही.

"तरीच," तो म्हणाला. बायकोने दिलेला पुरणपोळीचा डबा त्याने माझ्यासमोरून उचलला. "आधी सांगायचं ना यार. आम्ही तुझ्या हातचं खाल्लं."

माझा व्हिसा वाढणार की मी परत जाणार, ते त्याच्या एका शब्दावर होतं. पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की मी आधी नंबर बघायचे. तो समोरून आला की मी वॉशरूममध्ये शिरायचे, कडी लावून उभी राहायचे.

तिथेच एकदा आई आठवली. पाणवठ्यावर कोणी आलं की ती अशीच बाजूला व्हायची. मी शिकले, विमानात बसले, आणि बाजूलाच होत होते! संताप आला. मार्गारेटची आजीही गरिबीच जेवली. पण या टेबलावर तिच्या जेवणाची लाज तिच्या नातीला वाटत नव्हती. मग मी का लपायचं?

पुढच्या पॉटलकला कोरियन दुकानातून रक्त आणलं. रक्ती केली. कांदा भरपूर घातला. डबा बरोबर शिरीषसमोर ठेवला. झाकण काढलं.

"ही रक्ती. माझ्या आईची. आम्ही महारवाड्यातले. खायची तर खा, नाहीतर ऊठ."

तो उठला. व्हिसा अजून त्याच्याच हातात होता. भीती होतीच. तरी मी बसून राहिले. जेवले.

भीती जाईल तेव्हा जाईल. यापुढे ज्याला विटाळ वाटेल त्याने उठायचं. मी उठणार नाही.