मागे इंजिन नसलेली गाडी

आमच्या लोणावळ्यात शाळेत न गेलेलं पोरही सांगेल, की घाट चढायला गाडीला मागून इंजिन लागतं. कर्जतला ते जोडायचं, ढकलत गाडी वर आणायची आणि इथं सोडवायचं. खाली जाणाऱ्या गाडीनंही इथं थांबून ब्रेक तपासून घ्यायचे. आमच्या गावाला जो काही मान आहे तो या थांबण्यामुळे. चिक्की नंतरची.

त्याच थांब्यावर माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नातं टिकून होतं, असं म्हटलं तर ती रागावेल. पण खरं तेच आहे. ताई सोलापूरला राहते, तिचा मुलगा मुंबईला. अधूनमधून ती त्याच्याकडे जाते. वाटेत माझ्याकडे उतरायचं म्हटलं, की तिचे गुडघे आडवे येतात. म्हणून आमचं ठरलेलं. जाताना तिनं खिडकीतून शेंगदाण्याची चटणी द्यायची, परतताना मी तिला इंद्रायणी तांदूळ द्यायचा. गजांतून आत जाईल अशी अरुंद, लांबोडकी पिशवी मी त्यासाठी मुद्दाम शिवली होती. गाडी सुटेपर्यंत बोलायचं. तेवढ्यात एखादं भांडणही उरकायचं. हे गेल्यापासून माझ्याशी हक्कानं भांडणारं तेवढं एकच माणूस उरलंय. इथं वलवण भागातल्या घरात मी बोलते ती कुकरशी, आणि तोही तीन शिट्ट्यांपलीकडे उत्तर देत नाही.

एक दिवस भाच्याचा फोन आला. "मावशी, आईचं परतीचं तिकीट या वेळी नव्या गाडीचं काढलंय. पाखरासारखी जाते. घाटात मागचं इंजिनसुद्धा लागत नाही तिला."

"मग इथं?"

"तिथं थांबत नाही ती."

प्रत्येक डब्याच्या पोटात मोटर असते वगैरे तो समजावत राहिला. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

जवळच्या औंढ्याहून दूध घालायला येणारे गवळीभाऊ माझ्याहून घाबरट निघाले. "मागं इंजान न्हाई, आन् गाडी मागं सरकाय लागली मंग? म्हशी आडव्या आल्या म्हंजी? मावशी, आमी तर न्हाई बसायचो तिच्यात." त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं. बाजारातही तेच. कुठल्या तरी देशात रुळावरून घसरलेली गाडी मोबाईलवर फिरत होती आणि बघणारा जो तो आपल्याच घाटात काही घडल्यासारखी मान हलवत होता. मीही हलवली.

मग मी ताईला फोन करायला लागले. घाट, बोगदे, दरी आणि मागचं इंजिन. भीती खरीच होती, मी काही रचून सांगत नव्हते. गाडी इथं थांबली असती तर ती एवढी वाटली असती का, हे मात्र सांगता येत नाही.

"अगं, इतकी माणसं बसतात त्यात, ती काय जिवावर उदार झालीत?" ताई म्हणायची. पण दिवसागणिक तिचा आवाज उतरत गेला.

जातानाची तिची गाडी जुनीच होती. तिनं खिडकीतून चटणीचा डबा दिला आणि मी पुन्हा घाटाचंच सुरू केलं. त्या नादात तिच्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय का, मुंबईत दाखवणार आहे का, हे विचारायचं राहून गेलं.

तिच्या परतीच्या दिवशी मी संध्याकाळी स्टेशनवर गेले. येते असं तिला कळवलं नव्हतं. काचेतून मला बघून ती कशी हसेल, ते मला बघायचं होतं. तांदूळ घरीच ठेवला, बंद काचेतून काय देणार? थंडी होती, मी शाल घेऊन बाकावर बसले. गाडी येत असल्याची सूचना झाली तेव्हा उठून उभी राहिले. मग घाटाकडून दिवा दिसला. वर आली बाई, असं मी मोठ्यानं म्हणाले.

माझ्या समोरून ती काही विजेसारखी गेली नाही. तरी मला वेळ पुरेना. उजेडातल्या खिडक्या सरकत होत्या आणि मी प्रत्येक डब्याला हात करत होते. एका परक्या माणसानं उलट हात केला. ताई दिसली नाही. शेवटचा डबा गेला, त्याच्यामागे काहीच नव्हतं. हे गेले त्या दिवशी घरभर माणसं तरी होती. त्या फलाटावर मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी घरी पोचून कुलूप काढते तोच ताईचा फोन आला. ती हसत होती.

"पुणं आलं बघ. काही झालं नाही. तूच एवढं घाबरवून ठेवलंस, की कर्जतपासून मी डोळे घट्ट मिटून रामाचं नाव घेत बसले. उघडले ते एकदम तळेगावला."

"बरं," मी म्हणाले.

"आता भीती मोडली. मुलगा म्हणतो, यापुढे हीच गाडी. गुडघ्यांनाही बरं पडतं."

तिचं काही चुकत नव्हतं. नको म्हणायला माझ्याकडे आता घाटही उरला नव्हता.

"मग पुढच्या वेळी लोणावळ्याला डोळे उघडे ठेव," मी म्हटलं.

"का? काय आहे तिथं बघायला?"

"मी."

तिच्या आजूबाजूची माणसं सामान काढत असल्याचे आवाज मला येत होते.

"आज आली होतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"कुठल्या बाजूला उभी होतीस गं?"