मेषेची पोरगी आणि साडेनऊची पॅसेंजर

माझा राग माझा नाही, मंगळाचा आहे, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं होतं आणि मी ते आनंदाने मान्य केलं होतं. रास मेष, राशीचा स्वामी मंगळ, चिन्ह मेंढा. कापूस वेचून झाला की आमच्याकडे मोकळ्या वावरांत धनगरांचे कळप बसायला येतात. त्यातला एखादा मेंढा उगाच बाभळीच्या खोडाला टकरा देत असायचा. आई मला हाताला धरून तो दाखवायची आणि म्हणायची, "पाह्य, तुह्या राशीचा." मला तो फार आवडायचा. बाभूळ त्याला नक्की काहीतरी बोलली असणार, असं मला वाटायचं.

सहावीत मी वर्गातल्या एकीच्या डोक्यात कंपासपेटी घातली, तेव्हा घरच्यांनी मला पोवळ्याची अंगठी करून आणली. वाटाण्याएवढं शेंदरी पोवळं, चांदीत बसवलेलं. एका मंगळवारी ती कच्च्या दुधात बुडवून माझ्या उजव्या अनामिकेत घालण्यात आली. आता पोरगी शांत होईल, असा सगळ्यांचा हिशेब होता. पुढे कोणीतरी बाबांना सांगितलं, की पोवळ्याने मंगळ शांत होत नाही, त्याला जोर येतो. तोवर मी सातवीत गेले होते आणि अंगठी काढायला येईल त्याच्या हाताला चावत होते. शेवटी सगळ्यांनी नाद सोडला. त्यात आमचं गाव पांढुर्णा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारायची तिथली रीत. "गोटमारीच्या गावची आहे, अजून काय असणार," असं पाहुणे म्हणत आणि विषय संपवत.

मोठी झाल्यावर मी सौंसरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. रोज पांढुर्ण्याहून बसने जाणं-येणं. एका सकाळी पाहते तर शाळेच्या फाटकातच संत्र्याच्या क्रेटांनी भरलेला ट्रॅक्टर उभा. मी म्हटलं, "हा काढा इथून, नाही तर मी काढीन." मला ट्रॅक्टर चालवता येत नव्हता. वर बसलेल्या माणसाने माझ्याकडे शांतपणे पाहिलं, "काढतो मॅडम," म्हणाला आणि काढला. दुसऱ्या दिवशी शिपायाकडे माझ्यासाठी पिशवीभर संत्री. तिसऱ्या दिवशी मी ती का दिली म्हणून भांडायला गेले. पुढचं सांगत बसत नाही. त्या वर्षी मृग बहार संपेपर्यंत मी इतकी संत्री खाल्ली, की वर्गात पोरं नाक वर करून वास घ्यायची.

तोही मेषेचा निघाला. मंगळ त्याच्याकडे यायला निघाला आणि वाटेत चुकला असावा. त्याने आयुष्यात कोणावर आवाज चढवला नव्हता. बागेतल्या माकडांनाही तो "चला बाप्पा आता" असं म्हणून हाकलायचा.

आमचं दोघांचं ठरलं होतं. घरच्यांचं ठरायचं होतं. त्याच्या आईचं माहेर तिगावचं आणि माझं आजोळही तिगावचं, म्हणून तिला मी आधीपासूनच पसंत होते. पत्रिका तेवढी पाहायची होती. गुढीपाडव्याचा दिवस चांगला म्हणून बाबा पत्रिका घेऊन सौंसरला गेले. मी घरी गुढीला साडी नेसवली, कडुनिंब बांधला, साखरेची गाठी लटकवली आणि नवरी असल्यासारखी मिरवत राहिले. शिवाय तिथीने माझा वाढदिवसही पाडव्यालाच.

बाबा दुपारी परत आले. तिथल्या गुरुजींनी मोबाइलवर दोन्ही कुंडल्या काढल्या होत्या. दोघंही मेषेचे, दोघांचं नक्षत्र अश्विनी, म्हणून दोघांची नाडी एक. नाडी एक असली की लग्न करू नये. जोडप्यातल्या एकावर संकट येतं, असं मानतात. त्याच्या आईने हात जोडून बाबांना सांगितलं होतं, की पोरीत काही खोट नाही, पण आपल्या सख्ख्या बहिणीचं लग्न असंच एक नाडी असताना लावलं आणि दुसऱ्या वर्षी बहिणीचा नवरा गेला.

गुढी संध्याकाळी उतरवतात. मी दुपारीच उतरवली. आई बघत राहिली. मी कडुनिंबाची पानं ओरबाडून चावली, ती कडू लागली म्हणून त्यांच्यावरही चिडले आणि मग त्याला फोन लावला.

"तू काही बोलला का नाही?"

"बोललो नं. म्हटलं मी जेवणार नाही."

"मग?"

"मग नाही जेवलो."

मेष राशीच्या पुरुषाचं बंड हे असं. मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. मला तोच हवा होता, दुसरा कोणी नको होता, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं. बाकी कोणी माझं तोंड बंद करायला पाहिलं असतं.

रामनवमी गेली. हनुमान जयंतीला मी पहाटे मारुतीपुढे उभी राहिले आणि मंगळवारचा देव तूच ना, मग हे निस्तर, असं सुनावून आले. घरी आले तर आई कुरडयांचा चीक हाटत होती. तिला माझी दया आली असावी, कारण ती आपणहून माझ्या जन्माची गोष्ट सांगायला लागली. ती मी शंभरदा ऐकली होती. त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

मी जन्मले तिगावला, आजोळी, घरातच. आभाळ भरून आलेलं होतं, त्यामुळे उन्हावरून वेळ कळत नव्हती. आबाजींच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलेलं. पण मी पहिलं रडले त्याच क्षणी टेशनात पॅसेंजरची शिटी झाली. आबाजींनी लगेच वेळ लिहून घेतली.

"साडेनऊची गाडी होती थे," आई म्हणाली.

"पण पत्रिकेत तर साडेअकरा लिहिलं आहे."

"हाव. थे गाडी रोजच दोन तास लेट राहे. मंग आबाजीनं दोन तास मिळवले."

मी हातातली परात खाली ठेवली. माझी रास, माझं नक्षत्र, माझी नाडी, माझं पोवळं, कंपासपेटी, सगळं आबाजींनी अंदाजाने मिळवलेल्या दोन तासांवर उभं होतं. मी मोबाइलवर साडेनऊ टाकून पाहिलं. चंद्र मीन राशीत. साडेअकरा टाकलं, चंद्र मेषेत. साडेदहाच्या सुमाराला त्याने घर बदललं होतं. म्हणजे त्या दिवशी गाडी चुकून वेळेवर आली असेल, तर मी मेषेची नव्हतेच. मी मीनेची, रेवती नक्षत्राची. नाडी वेगळी, लग्न मोकळं. मी हसायला लागले ती थांबेचना. आईने चीक खाली उतरवून माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आबाजी आता नव्हते. विचारायचं कोणाला? चौदा एप्रिलला शाळेला सुट्टी होती. मी स्कूटीवर निघाले. पांढुर्ण्यात मिरवणूक होती, निळे झेंडे, ढोल, चौकात सरबताचे पिंप. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीने गर्दीतून ओढून नेऊन मला दोन ग्लास सरबत पाजलं आणि कुठे चाललीस म्हणून विचारलं. मी म्हटलं, रास बदलायला. तिच्या घरी पत्रिका बघत नाहीत. ती म्हणाली, "आमच्यात ये, आम्ही फक्त पोरगा पाहतो." मला ते पटलं, पण सौंसरच्या त्या बाईंना पटवायचं होतं.

तिगावला टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा बसतात. ते पूर्वी तिथे फाटक सांभाळायचे. मी त्यांना सरळ विचारलं, पाडव्याला पॅसेंजर कधी वेळेवर आली होती का. बाबांनी कपातला चहा बशीत ओतता ओतता थांबून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आली होती नं बाप्पा. एकदाच. साऱ्या गावाची गाडी चुकली त्या दिवशी."

लोक सवयीने अकरा वाजता टेशनावर आले, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आणि गाडी केव्हाचीच निघून गेलेली. लोक या फाटकवाल्या बाबांशी भांडले. गाडी वेळेवर आणायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असं विचारलं. बाबा सांगताना इतके हसले की बशीतला चहा सांडला.

"कोणत्या साली?" मी विचारलं.

"साल नाही सांगता येत पोरी. तीस वर्सं झाली असतीन. दोन इकडे, दोन तिकडे."

तीस वर्षांत दोन इकडे, दोन तिकडे. मला एकच साल हवं होतं. तरी मी तशीच दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले आणि ओसरीवर बसून त्याच्या आईला सगळं सांगितलं. आबाजींची शिटी, दोन तास, चुकलेली गाडी. त्या संत्र्याच्या रोपांच्या छाटणीची कात्री पुसत होत्या. ऐकून घेतलं. "पाहू," एवढंच म्हणाल्या. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, गालफडं बसलेली. अठरा-एकोणीस दिवस एक वेळ जेवत होता म्हणे. माझ्या रागाने जे झालं नव्हतं ते त्याच्या एका वेळच्या भुकेने होईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

चार दिवसांनी बोलावणं आलं. गुरुजी बसलेले, माझे बाबा बसलेले. त्याची आई पदर सावरून म्हणाली, "गुरुजी, त्या पाडव्याले मी तिगावच्या टेशनावर होती. सासरी परत येऊन राहिली होती. माही पण गाडी चुकली. हा माह्या कडेवर होता, दोन वर्साचा. गळ्यात गाठी होती याच्या, थे चाटून चाटून याचं तोंड चिकट झालं होतं."

गुरुजींनी हिशेब केला. तो माझ्याहून बरोबर दोन वर्षांनी मोठा. तो दोन वर्षांचा असतानाचा पाडवा म्हणजे माझ्याच जन्माचा. गाडी वेळेवर, वेळ साडेनऊ, रास मीन. गुरुजी म्हणाले, जन्म अगदी राशींच्या सांध्यावरचा आहे, एक शांती करून घ्या आणि पोवळं काढा, मीनेला पुष्कराज चालतो. मी अंगठी काढायला गेले तर निघेना. साबण लावून निघाली. बोटावर पांढरा पट्टा राहिला. अंगठी त्याच्या आईने मागून घेतली आणि ठेवून दिली.

अक्षय तृतीयेला मुहूर्त पाहावा लागत नाही. आमचं लग्न त्याच दिवशी झालं. मंडपात तो पुरणपोळ्यांवर असा तुटून पडला, की माझ्या मामाने मोजायचं सोडून दिलं.

मीन राशीची म्हणून मी पहिला महिनाभर फार गोड वागले. पाण्याची रास, शांत, मायाळू. दुसऱ्या महिन्यात मी बागेत पाइप उघडा सोडणाऱ्या माणसावर इतकी ओरडले की झाडावरचे राघू उडाले. नवरा म्हणाला, "आता काय सांगायचं? मंगळ तर नाही राहिला." खरंच, आता राग माझा एकटीचा होता. सासूबाईंना याचं फार हसू यायचं. त्यांचं आणि माझं जमलं. त्या मंगळवार धरायच्या, दिवसभर नुसत्या पाण्यावर. मी विचारलं, कधीपासून, कशासाठी? म्हणाल्या, गुडघ्यासाठी. मी दर वेळी चिडवायचे, की गुडघा उपाशी राहिल्याने बरा होत असता, तर डॉक्टर कशाला लागले असते.

परवा लग्नाला तीन वर्षं झाली. अक्षय तृतीयेची घागर भरली, पत्रावळी मांडल्या. चिंचवणी ढवळता ढवळता मी नवऱ्यावर कशावरून तरी तोफ डागली, तो "बरं बरं" म्हणत बागेत निघून गेला. सासूबाई आत गेल्या आणि येऊन माझ्या हातावर काहीतरी ठेवलं. माझी पोवळ्याची अंगठी.

"घाल. भांडतानी बोट रिकामं बरं नाही दिसत."

"आई, मी मीनेची ना?"

त्या चुलीजवळ पाटावर बसल्या. "त्या पाडव्याले माह्या कडेवर तुहा नवरा नव्हता. नणंद होती."

माझी नणंद माझ्याहून वर्षभराने लहान आहे. मी गणिताची बाई, तरी मला एक क्षण लागला. ती कडेवर होती, म्हणजे गाडी वेळेवर आली तो पाडवा माझ्या जन्माचा नव्हताच, त्यानंतरचा होता. माझ्या दिवशी गाडी नेहमीसारखीच दोन तास लेट. आबाजी बरोबर. मी मेषेची, तो मेषेचा, नाडी एक.

"तुम्ही गुरुजींसमोर खोटं बोलल्या?"

"पोरगा जेवून नव्हता राहिला. अन् तू त्या दिवशी ओसरीवर बसून सांगून राहिली होती तं मले वाटलं, हे पोरगी घरात आली तं बरं होईन."

"आणि भीती नाही वाटली? तुमच्या बहिणीचं..."

"वाटली नं. रोज वाटते." त्यांनी चिंचवणी चाखली, मीठ टाकलं. "म्हणून तं मंगळवार धरते मी. तुमच्या लग्नाच्या दिवसापासून."

अंगठी अनामिकेत जाईना, तेव्हा करंगळीत घातली आणि पत्रावळीवर वाढायला घेतलं.

पुढच्या मंगळवारी मीही जेवले नाही. नवऱ्याने विचारलं, काय झालं.

गुडघ्यासाठी, म्हटलं.